निर्मळदादांचा दुसरा थेंब

वाचनालयाच्या सभागृहात त्या रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांच्याहूनही उशिरा आलेले खिडक्यांबाहेरून माना उंच करत होते. सगळ्यांचे डोळे समोरच्या पडद्याला खिळलेले. पडद्यावर होता शिंपीणबाईंच्या बोटातला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखालून थेट जेवणाच्या टेबलाएवढा झालेला.

"मी काहीच बोलत नाही," निर्मळदादा म्हणाले. "तुमचं रक्तच बोलतंय."

हे ते गेली आठ-नऊ मिनिटं बोलत होते. आवाज मऊ, शेजारी बाळ झोपलं असल्यासारखा. अंगात पांढरा कोट, गळ्यात माळ नाही, कपाळावर काही नाही. आपण बाबा-बुवा नाही हे ते दर पाच मिनिटांनी सांगत, आणि लोक दर पाच मिनिटांनी मान डोलावत.

पडद्यावर तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, मोरीत न घासता रचून ठेवलेल्या बश्यांसारख्या.

"ताई, सकाळी उठल्या उठल्याच थकल्यासारखं वाटतं?"

"वाटतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मशीनवर बसलं की कंबर?"

"तीही."

"आणि घरातले म्हणतात, तुला काही झालेलं नाही."

शिंपीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. सभागृहातल्या निम्म्या बायकांचे हात आपापल्या कमरेकडे गेले.

"हा कचरा आहे," दादा पडद्यावर काठी टेकवत म्हणाले. "प्रत्येक पेशीत छोटी छोटी वीजघरं असतात. शास्त्रज्ञ त्यांना तंतुकणिका म्हणतात. वीजघर मोडकळीला आलं की धूर सोडतं. मग पेशीतले सफाई कामगार येतात, त्याच्यावर खूण करतात, पिशवीत भरतात आणि विरघळवून टाकतात. तुमच्या पेशीत काय झालंय, तर हे कामगार संपावर गेलेत."

हशा पिकला.

दाराजवळ उभी असलेली चष्मेवाली मुलगी तेवढी हसली नाही. संपाचा विनोद तिचा होता. तिनं तो अंघोळ करताना जुळवला होता आणि आठ महिन्यांपूर्वी याच पडद्याशेजारी उभं राहून सांगितला होता. तेव्हाही असाच हशा पिकला होता.

दादांनी शिंपीणबाईंना ग्लासभर पाणी दिलं. हे 'संकेतजल'. साधं पाणीच, पण त्याला दादांनी पेशीची भाषा शिकवली होती. कशी, ते विचारायचं नव्हतं, कारण पाणी लाजतं. चाळीस मिनिटं गेली. मधल्या वेळात बरे झालेले लोक उठून बोलले. मग दादांनी नवी काच घेतली, एका बाटलीतल्या थेंबानं ती 'निर्जंतुक' केली आणि शिंपीणबाईंच्या बोटातून दुसरा थेंब घेतला.

पडद्यावर बश्यांची चळत नव्हती. एकेक पेशी सुटी, गोल, स्वच्छ, संथ पाण्यात पानं तरंगावीत तशी तरंगत होती.

सभागृहानं एकच श्वास घेतला. शिंपीणबाई स्वतःच्या बोटाकडे बघत राहिल्या, जणू ते दुसऱ्या कुणाचं असावं.

"आणि हे मी म्हणत नाही," दादा म्हणाले. "विज्ञान म्हणतं." त्यांनी कळ दाबली आणि पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी आली. डावीकडच्या पेशीत हिरव्या तंतूंचं दाट जाळं. उजवीकडची पेशी मोकळी, काळीभोर, घासून पुसून ठेवल्यासारखी. डावीकडे लिहिलं होतं 'सफाईआधी'. उजवीकडे 'सफाईनंतर'.

मुलीनं ती चित्रं लगेच ओळखली. त्या पेशी तिनं वाढवल्या होत्या. ते फोटो तिनं काढले होते. ती अक्षरंही तिचीच होती.

*

ती पेशींवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत होती. पदवी हातात पडून जेमतेम दीड वर्ष झालेलं. वाचनालयानं व्याख्यानाला बोलावलं तेव्हा ती हरखून गेली होती. पहिल्याच रांगेत पांढऱ्या सदऱ्यातले एक गृहस्थ वही उघडून बसले होते. व्याख्यान संपल्यावर ते पुढे आले आणि म्हणाले, "इतकं अवघड इतकं सोपं करून सांगणारं मी कुणी पाहिलं नाही. ही चित्रं मला मिळतील का?" तिनं त्याच संध्याकाळी पाठवली. कशाला हवीत, हे विचारलंसुद्धा नाही. कुणी कौतुक केलं की तिला प्रश्न सुचत नसत.

पण चित्रं देण्याआधीची एक गोष्ट होती, आणि ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

मूळ चित्राखाली एक बारीक ओळ होती. डावीकडच्या चित्राखाली 'कोरी थाळी'. प्रयोगशाळेत ज्या थाळीतल्या पेशींना काहीच केलेलं नसतं तिला सगळे कोरी थाळी म्हणत. तिच्याशिवाय प्रयोग मांडायचा नाही आणि तिला दुसरं कुठलं नाव द्यायचं नाही, हा तिथला नियम होता. म्हणजे हिरव्या तंतूंसारख्या वीजघरांनी भरलेली डावीकडची पेशी चांगली धडधाकट होती. उजवीकडच्या चित्राखाली लिहिलं होतं: 'विष, चोवीस तास'. पेशी आपली मोडकी वीजघरं कशी उचलते ते बघायचं, तर आधी ती मोडावी लागतात. म्हणून तिनं पेशींवर विष घातलं होतं. पेशीनं सगळी वीजघरं काढून टाकली, म्हणून ती काळीभोर दिसत होती. स्वच्छ होती, पण जळून गेलेलं घर जसं स्वच्छ असतं तशी.

विष हा शब्द वाचून लोक बिचकतील, असं तिला वाटलं. म्हणून तिनं चित्राची खालची कड कापली आणि वर नवी नावं घातली. चित्र सुबक झालं. धडधाकट पेशी घाणेरडी ठरली आणि विष प्यालेली पेशी निरोगी.

आणि व्याख्यानाच्या शेवटी त्याच पांढऱ्या सदऱ्यातल्या गृहस्थांनी, म्हणजे आजच्या निर्मळदादांनी, हात वर करून विचारलं होतं, "म्हणजे कंपवात बरा होणार तर?"

तिसऱ्या रांगेत तिचे काका होते. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले आणि दुकानाला कुलूप लागलं. व्याख्यानभर त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तो प्रश्न आल्यावर त्यांनी वर पाहिलं.

खरं उत्तर तिला पाठ होतं. काही घराण्यांत तरुणपणीच येणाऱ्या कंपवातात मोडक्या वीजघरावर ही खूण करणारी प्रथिनंच बिघडलेली असतात. म्हणून सफाई सुधारली तर उपयोग होईल, अशी आशा आहे. थाळीत आणि उंदरांत काही दिसलंय. माणसांत अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

तिनं काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "होणार. थोड्याच वर्षांचा प्रश्न आहे."

टाळ्या पडल्या होत्या.

*

दादांच्या सभेच्या मधल्या सुट्टीत ती गर्दीतून वाट काढत दुसऱ्या रांगेपर्यंत गेली. काकू तिथं काकांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांच्याच फोनमुळे ती आली होती. 'हे काही ऐकत नाहीत, तू ये,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

"आलीस?" काकांचा चेहरा ताठ होता, पण डोळे हसत होते. "मी म्हणत होतो ना, ती येईल म्हणून. काल कुलूप मी स्वतः उघडलं. विचार हिला."

"तीन वेळा किल्ली पडली," काकू म्हणाल्या.

"पण उघडलं की नाही?"

"काका, गोळ्या घेताय ना?"

काकूंनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "अकरा दिवस झाले बंद करून. कूस वळता येत नाही त्यांना. मलाच वळवावं लागतं."

"गोळ्या कामगारांना झोपवतात, असं दादा म्हणतात," काका म्हणाले. "मी आधी हसलो. म्हटलं, हे नवीनच. मग त्यांनी तुझं चित्र दाखवलं."

ती तडक व्यासपीठाकडे गेली. पण तिला बोलायची वेळच आली नाही. दादांनी तिला पायरीवरच गाठलं आणि माइक हातात घेतला.

"मंडळी, आज भाग्याचा दिवस. ज्या ताईंनी ही चित्रं काढली, ज्यांच्याकडून मी हे शिकलो, त्या स्वतः आल्यात."

लोक उठून उभे राहिले. माइक तिच्या हातात आला. समोर चारशे चेहरे, आणि त्यांत एक काकांचा.

"चित्रं माझी आहेत," ती म्हणाली. "पण..."

"पण त्या विनम्र आहेत," दादांनी माइक परत घेतला. टाळ्यांत पुढचं सगळं बुडालं.

ती ओरडू शकली असती. आवाज होता तिला. पण 'पण'च्या पुढचं सांगायचं तर कापलेली ओळही सांगावी लागली असती, आणि ती उद्या प्रयोगशाळेपर्यंत पोचली असती. काकांना घरी शांतपणे समजावू, असं तिनं ठरवलं आणि ती खाली उतरली. उतरताना दोघा-तिघांनी तिच्या हाताला हात लावून घेतला.

घरी, स्वयंपाकघरात, तिनं समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"चारशे लोकांसमोर तू हो म्हणालीस," ते म्हणाले, "आणि आता स्वयंपाकघरात नाही म्हणतेस. यातलं कुठलं धरू?"

"आत्ताचं धरा."

"रविवारपर्यंत बघतो. एकच रविवार."

बुधवारी सकाळी काकू चहा घेऊन गेल्या तेव्हा काका खुर्चीत बसलेले होते, लाकडासारखे. अंग भाजत होतं. हाक मारली तर डोळे हलत, मान हलत नव्हती. चहाचा घोट ओठांच्या कडेनं परत बाहेर आला.

*

रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई बोलण्यात वेळ घालवणाऱ्यांतल्या नव्हत्या. "या गोळ्या एकाएकी थांबवायच्या नसतात. असा ताप येतो, अंग असं आखडतं, माणूस जातोसुद्धा. कुणी थांबवल्या?"

काकूंनी तोंड उघडलं, पण त्याआधी मुलगी म्हणाली, "मी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही."

"मग?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या कागदावर लिहायला लागल्या. "नाकातल्या नळीतून औषध सुरू करतोय. दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही."

काकू दिवसभर तिच्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी घरून डबा आला तेव्हा त्यांनी अर्धा तिच्यापुढे सरकवला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंपुढे उभी राहिली आणि तिनं कापलेल्या ओळीपासून सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कोऱ्या थाळीला 'सफाईआधी' म्हणालीस," त्या म्हणाल्या. बाकी कशापेक्षा त्यांना हेच लागलेलं दिसलं.

"हो."

"तुझं काय करायचं ते मी नंतर बघेन. रविवारी मूळ चित्र घेऊन जा, ओळीसकट. पण सुरुवात चित्रानं करू नकोस. चित्रावरून वाद झाला की जो गोड बोलतो तो जिंकतो, आणि तो तुझ्याहून गोड बोलतो. त्याच्या त्या थेंबांना कोरी थाळी कुठे आहे, एवढंच बघ."

तिला स्वतःचीच लाज वाटली. पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. पाणी प्यालेल्या बाईचा दुसरा थेंब वेगळा दिसला, मान्य. न प्यालेल्या बाईचा दिसला असता का? सभागृहात हे कुणालाच सुचलं नव्हतं, आणि ज्या एकीला सुचायला हवं होतं ती स्वतःच्याच चित्राकडे बघत उभी होती.

*

रविवारी दादांनी तिला दारातच पाहिलं. "या, ताई. काका दिसत नाहीत?"

"रुग्णालयात आहेत."

"सफाई सुरू झाली की सुरुवातीला त्रास होतो," दादा डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले. "घाण बाहेर पडत असते."

तिनं मुठी आवळल्या, पण आवाज चढू दिला नाही. "आज माझा थेंब घ्या."

दादांना याहून मोठी जाहिरात ती काय मिळणार? त्यांनी तिला मानाच्या खुर्चीत बसवलं, बोट टोचलं, थेंब काचेवर घेतला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. मग ते लोकांकडे वळून बोलायला लागले. वीजघरं, धूर, कामगार, संप. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. दादा नऊ मिनिटं बोलले, दिव्याची ऊब थेंबाला लागत राहिली, आणि मग त्यांनी पडदा सुरू केला. बश्यांची चळत.

"शास्त्रज्ञाच्या रक्तातसुद्धा," दादा हळहळले.

तिला संकेतजलाचा ग्लास मिळाला. तो घेऊन ती खाली आली आणि पहिल्या रांगेत शिंपीणबाईंच्या शेजारी बसली. "जरा धरता का? पण पिऊ नका, सांडू नका आणि कुणाला देऊ नका."

"का गं?"

"चाळीस मिनिटांनी सांगते."

शिंपीणबाईंना वाटलं, पोरीला जावं लागत असेल कुठे तरी. त्यांनी ग्लास मांडीवर धरून ठेवला.

चाळीस मिनिटांनी दादांनी नवी काच घेतली, बाटलीतला थेंब टाकून 'निर्जंतुक' केली, तिचं बोट पुन्हा टोचलं. पडद्यावर सुट्या, गोल, तरंगणाऱ्या पेशी. टाळ्यांचा कडकडाट झाला.

ती टाळ्या थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "बाई, ग्लास दाखवता का सगळ्यांना?"

शिंपीणबाई उठल्या आणि त्यांनी ग्लास वर धरला. काठोकाठ भरलेला.

मागून कुणी तरी म्हणालं, "म्हणजे ही प्यालीच नाही."

दादांचा आवाज अजूनही मऊच होता. "पाणी ताईंच्या जवळ होतं. लहरी पोचतात."

"मग मी बाटली खिशात घालून फिरतो की," मागचा माणूस म्हणाला. "पिऊन दहादा उठायला कशाला लागतंय." थोडे लोक हसले, आणि या वेळचा हशा दादांचा नव्हता.

"थांबा," शिंपीणबाई म्हणाल्या. त्या ग्लासाकडे बघत होत्या. "ग्लास चाळीस मिनिटं माझ्या मांडीवर होता. लहरी आल्या असतील तर सगळ्यांत जास्त मला. माझा थेंब घ्या बरं. आणि त्या बाटलीतलं काही घालू नका."

"काच निर्जंतुक केल्याशिवाय..."

"मागच्या रविवारी पहिली काच कुठे केली होती? मी बघत होते. तुम्ही बाटलीतलं फक्त दुसऱ्या काचेवर घालता."

मुलीनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हे ती स्वतः सांगणार होती. पण चाळीस वर्षं कापड बेतणाऱ्या बाईच्या नजरेला एक टाका जास्त पडलेला कळणारच.

दादा मागे सरकले. मुलीनं शिंपीणबाईंचं बोट टोचलं आणि थेंब कोरड्या काचेवर घेतला. मग तिनं पडदा आधीच सुरू केला, थेंब ठेवला त्या क्षणापासून. "आता कुणी काही बोलायचं नाही," ती म्हणाली. "फक्त बघायचं."

नऊ मिनिटं सभागृहात कुणी बोललं नाही. पडद्यावर आधी पेशी सुट्या होत्या. तीन मिनिटांनी दोन जवळ आल्या. मग तिसरी. थेंब कडेनं सुकत गेला, पेशी सरकत गेल्या, एकावर एक बसत गेल्या, आणि चारशे लोकांच्या डोळ्यांदेखत बश्यांची चळत आपोआप तयार झाली. आजवर नेमक्या याच वेळात दादा बोलत असत. त्यांच्या बोलण्याचं काम तेवढंच होतं.

मग तिनं दुसऱ्या काचेवर दादांच्या बाटलीतला एक थेंब टाकला, तिसऱ्यावर औषधाच्या दुकानातून आणलेल्या सलाइनचा, आणि दोन्हींत त्याच बोटातलं रक्त मिसळलं. दोन्हीकडे पेशी सुट्या तरंगायला लागल्या.

"हे मिठाचं पाणी आहे," ती म्हणाली. "रक्त पातळ झालं की पेशींना जागा होते, त्या सुटतात. सुकलं, दाटलं की चिकटतात. तुमचं, माझं, यांचं, सगळ्यांचं. हा रोग नाही आणि ही सफाईही नाही. आणखी एक सांगते. तांबड्या पेशीत वीजघरंच नसतात. ती तयार होतानाच आपली सगळी वीजघरं काढून टाकते, याच सफाई कामगारांकडून. ज्या पेशीत एकही वीजघर नाही तिच्यात हे तुम्हाला मोडकं वीजघर दाखवत होते."

"मग मला बरं का वाटलं?" शिंपीणबाईंनी विचारलं. आवाजात राग होता, आणि तो कुणावर काढावा हे त्यांना ठरवता येत नव्हतं. "दोन दिवस खरंच बरं वाटलं होतं मला."

"तुम्ही एरवी दिवसा कधी तासभर बसता? तुमचं दुखणं कुणी विचारतं?"

"कुणी नाही," शिंपीणबाई म्हणाल्या.

"बरं वाटलं ते खरंच होतं. पण ते पाण्यानं नव्हतं. तुमचा थकवाही खरा आहे. तो डॉक्टरांना दाखवा."

दादा याच सुमारास कोट हातावर टाकून बाजूच्या दारानं निघाले होते. दोघा-तिघांनी त्यांना अडवलं, आणि शब्दाला शब्द वाढत गेला. ती इथं थांबली असती तर तिची जीत झाली असती. लोक तिच्याकडे कौतुकानं बघतच होते. त्या कौतुकाची चव तिला ठाऊक होती.

तिनं पडद्यावर मूळ चित्र लावलं.

"थेंबांतली फसवणूक दादांनी केली," ती म्हणाली. "या चित्रातली मी केली. खालची ओळ वाचा. ती मी कापली होती."

कुणी तरी मोठ्यानं वाचलं. विष, चोवीस तास.

तिनं सगळं सांगितलं. धडधाकट पेशीला घाणेरडी म्हटलं ते, विषाचं नाव पुसलं ते, आणि 'थोड्याच वर्षांचा प्रश्न आहे' म्हणाली होती ते. "हे मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. तरी मी सांगितलं. माझे काका त्यावर विसंबले आणि त्यांनी गोळ्या सोडल्या. आज ते बोलू शकत नाहीत. ज्यांनी ज्यांनी गोळ्या सोडल्यात त्यांनी आजच डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकू नका."

"म्हणजे लबाड दोन निघाले," भिंतीजवळचा एक माणूस म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

*

काकांचा ताप उतरायला आठवडा लागला. नळी निघाली, मान वळायला लागली, आवाज आला पण खोल विहिरीतून आल्यासारखा. ती रोज जाऊन बसत असे. दहाव्या दिवशी ते स्वतःहून बोलले.

"सभेत सांगितलंस म्हणे."

"सांगितलं."

"आता मला सांग. ते औषध खरंच यायचंय?"

"काम चाललंय. मोडकी वीजघरं वेळेवर काढता आली तर पेशी जास्त दिवस तगेल, असं वाटतंय. थाळीत दिसलंय, उंदरांत थोडं दिसलंय. माणसांत नाही. येईल की नाही, माहीत नाही."

"माझ्या हयातीत?"

काकू खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

ती एकदा त्या चेहऱ्याकडे बघूनच बोलली होती. आताही तिनं त्याच चेहऱ्याकडे पाहिलं. "बहुतेक नाही, काका."

काकांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी विचारलं, "मग तेव्हाच असं का नाही बोललीस?"

"तुमचा चेहरा पाहिला."

"चाळीस वर्षं दुकानात बसलो," काका म्हणाले. एकेक शब्द उचलून ठेवावा तसे ते बोलत होते. "माणसं वडिलांचं घड्याळ घेऊन यायची. कुणाच्या मुलाचं, तो गेल्यानंतर. चेहरे बघवत नसत. पण जे चालणार नाही ते चालेल, असं मी एकदाही म्हटलं नाही."

तिनं मान खाली घातली. परिचारिकेनं गोळी आणि पाणी आणलं. काकांच्या हातातला पेला ओठांशी जाईपर्यंत निम्मं पाणी चादरीवर सांडलं. तिनं मदतीला हात पुढे केला. काकांनी तो बाजूला केला आणि गोळी स्वतः गिळली.

दुसऱ्या दिवसापासून ती कामावरून सुटल्यावर घरोघर जायला लागली. कोण कोण पाणी नेत होतं ते शिंपीणबाईंना ठाऊक होतं, म्हणून त्या बरोबर असत. काही दारं उघडली, काही तोंडावर बंद झाली. एका घरात तर अजून संकेतजलाची बाटली फळीवर होती आणि घरातले तिच्याकडेच संशयानं बघत होते. त्यांनाही तिनं तेच सांगितलं जे ती सगळीकडे सांगत होती:

"गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. कुणी काही करून दाखवलं तर विचारा, ज्यानं हे घेतलं नाही त्याचं काय झालं? ते दाखवणाऱ्यानं तुमच्यासमोर, स्वतःच्या बाटलीशिवाय, न बोलता करून दाखवलं तरच पुढचं ऐका. चित्र दाखवलं तर विचारा, यातलं काय काढून टाकलंय? आणि हे मी सांगते म्हणून मान्य करू नका. मलाही विचारा. मी शिकलेली आहे, तरी मी खोटं बोलले होते."